भट्टी कुणी पेटवली?

“याला कुणी बोलावलं?”

सिद्रामच्या हातात लांब दांड्याची फळी होती आणि फळीवर एक कच्चा रोट. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून चेहरा आधीच तांबडा झाला होता, त्यात आता हे.

“म्या बोलावलं,” हिरागिरबाबा म्हणाले.

“तुम्ही?”

“व्हय. निरोप धाडला व्हता. आला, बरं झालं.”

काटेरी कवाड ढकलून अंबादास परसात येत होता. खांद्यावर वाळक्या बाभळीची मोळी होती. ती त्याने लिंबाच्या बुंध्याशी उतरवली, लांबूनच बाबांना हात जोडले आणि पंगतीच्या अगदी टोकाला, जिथं पाहुण्यांच्या चपला पडल्या होत्या, तिथं जाऊन बसला.

सिद्रामने रोट भट्टीत सारला आणि फळी अशी झटक्यात मागं ओढली की मागं पिठाची परात घेऊन उभी असलेली कोंडाबाई वाचली ती नशिबानं.

“बाबा, हा इथं जेवणार नाही.”

“का?”

“का? तुम्ही मला विचारताय का म्हणून?”



टेकाडावरचा हा मठ म्हणजे एक दगडी खोली, पुढं ओटा आणि मागं भलं मोठं परसू. दर पुनवेला परसात पंगत बसायची. बोलावणं कुणाला नसायचं आणि येणाऱ्याला मनाईही नसायची. कुणी वांगी आणायचं, कुणी कांदे, कुणी लाल भोपळा, कुणी मडक्यात भिजवलेली डाळ. पूर्वी हे सगळं तीन दगडांच्या चुलीवर व्हायचं. सिद्राम आला आणि चुलीची भट्टी झाली.

सिद्राम शहरातल्या एका मोठ्या बेकरीत उमेदीची वर्षं घालवून आला होता. मनाला शांती नाही, म्हणून मठात राहतो म्हणाला. शांती मिळाली की नाही ते त्याचं त्याला ठाऊक, पण परसू मिळालं. माती, भुस्सा आणि गुळाचं पाणी कालवून त्याने घुमटाची भट्टी बांधली. मातीत पाय तुडवायला, विटा वाहायला बरोबर अंबादास होता. तोही मठातच राहायचा. दोघं एका ताटात जेवत, एका घोंगडीवर झोपत. पण भट्टीचं नाव निघालं की सिद्राम म्हणायचा, “माझी भट्टी.” अंबादासला त्याचं काही वाटत नसे.

आता नवी भट्टी म्हणजे ओली माती. तिला कित्येक दिवस काटक्याकुटक्यांची नुसती धग द्यावी लागते. आतली ओल हळूहळू निघते, घुमटाला बाहेरून घाम येतो. तो घाम थांबेपर्यंत आत ओंडका घालायचा नाही, एवढा एकच नेम. तेवढा पाळला की भट्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

सिद्रामला धीर नव्हता. त्याने पुनवेची पंगत जाहीर करून टाकली आणि शहरातल्या बेकरीच्या मालकाला आग्रहाचं आमंत्रण धाडलं. येऊन बघा म्हणावं, तुमच्याकडे बिस्किटं भरणाऱ्या सिद्रामनं काय उभं केलंय ते. पुनव उजाडली तरी घुमट घामेजलेलाच होता. दिवसभर थोडी थोडी धग वाढवत नेऊ, संध्याकाळपर्यंत होईल, असा त्याचा हिशेब. आणि तो मालकाला घ्यायला एसटी स्टँडवर गेला.

मालकाला घेऊन टेकाड चढला, तर परसातून धुराचा लोट. भट्टीच्या पोटात ओंडके भडभडून पेटलेले आणि घुमट मधोमध उकललेला. बघता बघता अर्धा घुमट आत बसला.

मठात त्या वेळी दोघंच होते. बाबा तापानं फणफणून ओट्यावर पडलेले. आणि अंबादास भट्टीपाशी उभा, हात कोपरापर्यंत काळे.

“चुकलं,” अंबादास म्हणाला. एवढंच.

मालक मोठमोठ्यानं हसला. म्हणाला, “सिद्राम, भट्टी बांधणं म्हणजे बिस्किटं भरणं नव्हे.”

झालं. सिद्रामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने रोट सारायची फळी उचलली आणि अंबादासला बडवायला सुरुवात केली. पाठीवर, दंडांवर, पायांवर. लोक धावून येईपर्यंत फळीचा दांडा मोडला होता. अंबादासने एकदाही हात वर केला नाही. त्यानेही सिद्राम जास्तच पेटला. मार खाणारा ओरडला तर मारणाऱ्याला थांबायला निमित्त तरी मिळतं.

“पुन्हा या टेकाडावर दिसलास तर जिवंत भट्टीत घालीन,” सिद्राम म्हणाला होता. अंबादास त्याच संध्याकाळी उतरून गेला. हमरस्त्यावरच्या एका धाब्यावर तंदूरपाशी राहिला, असं कळलं.

बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. नंतरही नाही. सिद्रामनं त्याचा सोयीचा अर्थ काढला.

वर्ष सरलं. सिद्रामनं दुसरी भट्टी बांधली, या खेपेला नेमानं वाळवली. आज तिची पहिली पंगत होती. पहाटेपासून जाळ चालला होता. घुमटाची आतली काजळी जळून माती पांढरी दिसू लागली, तेव्हा त्याने निखारे ओढून बाहेर काढले, ओल्या गोणपाटानं तळ पुसला आणि रोट लावायला घेतले. लिंबाखाली पंगत बसलेली. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे वास घेत आणि नव्या भट्टीचं कौतुक करत. सिद्रामची छाती फुगली होती. आणि नेमक्या त्या घडीला अंबादास मोळी घेऊन हजर.

“का, ते सांग की,” बाबा पुन्हा म्हणाले.

“का ते सगळ्या गावाला माहीत आहे!” सिद्रामचा आवाज चढला. पंगतीतली कुजबुज थांबली. “माझं नाक कापलं यानं. मालकासमोर, अख्ख्या गावासमोर. त्या भट्टीची एकेक वीट मी या हातांनी लावली होती, बाबा.”

“विटा त्यानंच वाहिल्या व्हत्या.”

“वाहिल्या आणि पाडल्याही!”

“बरं मग?”

“मग काय? हा पंगतीला बसणार असेल तर मी भट्टीला हात लावणार नाही. तुम्हीच ठरवा. तो तरी राहील, नाहीतर मी.”

सिद्राम गेला तर भट्टी थंड, हे सगळ्यांनाच कळत होतं. बाबा थकले होते, मठाचं सगळं तोच बघत होता. ते त्यालाही चांगलं कळत होतं, म्हणून तर तो असं बोलला.

बाबा काठी टेकत उठले. चपलांच्या ढिगापाशी गेले. अंबादासच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि चालवत थेट भट्टीपुढं आणून उभं केलं.

“बस इथं.”

“बाबा, नको...” अंबादास पुटपुटला.

“बस म्हनतो ना!”

अंबादास बसला. सिद्रामच्या अंगाची लाही लाही झाली. आपण रानात ओरडलो असतो तर झाडांनी तरी ऐकलं असतं, असं त्याला वाटलं. फळीवरची त्याची मूठ आवळली गेली.

“ए, बघ माझ्याकडे! बाबांसमोर सांग. त्या दिवशी ओंडके कुणी घातले होते?”

अंबादास खाली बघत राहिला...

“बघा! तेव्हाही मूग गिळून बसला, आजही तेच. निदान कबूल तरी हो की. गडी असशील तर कबूल हो!”

“म्या घातले व्हते,” बाबा म्हणाले.

सिद्रामला आधी कळलंच नाही.

“काय?”

“वंडके. त्या दिवशी भट्टीत वंडके म्या घातले.”

भट्टीतून रोटांचा वास येत होता, तेवढाच.

सिद्रामचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं. मग त्यावर एक हसू उगवलं, ओशाळं, गोड. मघाशी निघून जायची धमकी देणारा तो माणूस वाकला आणि त्यानं बाबांच्या पायांना हात लावला.

“काय बाबा तुम्ही! आधी नाही का सांगायचं? तुमच्या हातून झालं असेल तर... अहो, मातीच ती. फुटली, पुन्हा बांधली. ही पहिलीपेक्षा झकास झाली, बघा की. जे होतं ते बऱ्यासाठीच होतं.”

बाबांनी पाय मागं ओढून घेतला.

हिरागिरबाबांना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ताटात माती पडली तरी ते झटकून खात, कुणी शिवी दिली तर त्याला पाणी विचारत. त्यांच्या तोंडून मोठा शब्द निघू शकतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

“माती?” बाबा गरजले.

सिद्राम दचकून मागं सरला.

“आता माती व्हय रं? म्या फोडली म्हनताना माती झाली? वरीसभर काय व्हती? ह्याच्या पाठीवर दांडा मोडलास तवा काय व्हती?”

“बाबा, तसं नव्हे...”

“मग कसं? उचल फळी.”

“बाबा!”

“उचल म्हनतो! जेवढी त्याला हाणलीस तेवढी मला हाण. तसूभर कमी न्हाई.”

आणि म्हाताऱ्यानं अंगातली कफनी ओढून काढली, काठी फेकली आणि भट्टीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून उघडी पाठ त्याच्यापुढं केली. पाठ कसली, कातडं आणि मणके. पंगतीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

“अरं, काय चाललंय हे!” कोंडाबाई ओरडली. “सिद्राम, टाक की ती फळी हातातली. आन् रोट बघ, करपाय लागलेत!”

खरंच, भट्टीच्या तोंडातून कडवट धूर यायला लागला होता. पण रोट काढायला फळी हवी आणि फळी सिद्रामच्या हातात. तो ती टाकत नव्हता, वापरतही नव्हता.

“फळी दे,” अंबादास म्हणाला. “रोट काढतो.”

“तू हात लावायचा नाहीस!” सिद्राम त्याच्यावर खेकसला. सवयच ती, सवय कुठं जाते!

“मार ना,” बाबा तसेच वाकलेले. “का हात थांबला? माझी पाठ निराळी हाय?”

“तुम्ही गुरू आहात माझे.”

“आन् त्यो?”

सिद्रामला आणखी राग आला. बाबांवर चिडायची सोय नव्हती, म्हणून तो राग फिरून अंबादासकडेच गेला.

“तू का नाही बोललास तेव्हा? मी मारत होतो तर तोंड शिवलं होतं का तुझं? ‘मी नाही’ एवढे दोन शब्द बोलायला काय झालं होतं?”

अंबादास उठून उभा राहिला. आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं मान वर केली होती. त्याचे डोळे पाण्यानं नव्हे, संतापानं भरले होते.

“तू विचारलंस कवा?” तो म्हणाला. “आधी हाणलंस. हाणून दमलास तवा हाकललंस. विचारलंस ते आज, वर्सानं. आन् तेबी फळी धरून.”

“तूच म्हणालास ना, चुकलं म्हणून?”

“म्हनलं. समोर भट्टी फुटली व्हती, तुझा मालक दात काढत व्हता, मला काय सुचणार? चुकलंच व्हतं. सगळंच चुकलं व्हतं. घाम न्हाई थांबला त्या भट्टीचा आन् तू पुनवेची पंगत बोलावून बसलास. ‘थांब, आणखी वाळू दे,’ म्या किती डाव सांगितलं. ‘तुला काय कळतंय,’ म्हनलास.”

हे बोलणं झालं होतं. घोंगडीवर पडल्या पडल्या, पुनवेच्या आधी. सिद्राम साफ विसरला होता, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

“म्या माफी मागाय आलो न्हाई,” अंबादास म्हणाला. “माफी कराय बी आलो न्हाई. बाबांनी लाकडं आन म्हनून सांगावा धाडला, आनली. पंगत हाय, जेवून जाईन. तू न्हाई वाढलंस तर न्हाई जेवणार. पन आता ह्या टेकाडावर यायला म्या तुझी परवानगी मागणार न्हाई.”

पंगतीतून कुणीतरी “खरं हाय” म्हणालं. सिद्रामनं तिकडं रोखून पाहिलं, तसं ते तोंड पानावर वाकलं. पण बाकीची तोंडं त्याच्याकडेच बघत होती. मघाशी भट्टीचं कौतुक करणारी हीच माणसं. कुणाच्याच डोळ्यांत आता ते कौतुक नव्हतं.

आणि तेवढ्यात सिद्रामला ते आठवलं.

त्याची मान ताठ झाली. चेहऱ्यावर रंग परतला. बुडणाऱ्याच्या हाताला काठ लागावा तसा तो बोलायला लागला.

“थांबा. थांबा बाबा. त्या दिवशी तुम्ही तापानं फणफणला होता. ओट्यावर कूस बदलायचं बळ नव्हतं तुमच्या अंगात. सकाळी मीच तुम्हाला उचलून पाणी पाजलं होतं.”

बाबा सरळ झाले. कफनी मातीत पडली होती, ती त्यांनी उचलली नाही.

“पाजलं व्हतंस,” ते म्हणाले.

“मग? बाभळीचे ते ओंडके! एकेक मला दोन हातांनी उचलावा लागायचा. ते तुम्ही ओट्यावरून उठून, परसात येऊन, भट्टीत घातले? तुम्ही?”

“असंल.”

“असंल काय, असंल काय! तुम्ही घातलेच नाहीत!” सिद्रामच्या आवाजात विजय होता. “याला पाठीशी घालायला खोटं बोलताय तुम्ही. सगळ्या पंगतीसमोर खोटं! यानंच घातले. मला तेव्हाही ठाऊक होतं, आताही ठाऊक आहे. मी मारलं ते बरोबरच मारलं. उगीच माझ्यावर उलटवताय सगळे!”

त्याने फळी पुन्हा दोन्ही हातांनी धरली. अंबादास जागचा हलला नाही. आजही त्यानं हात वर केला नाही, पण आज तो सिद्रामच्या डोळ्यांत बघत होता.

“बोल की, कुणी घातले?” सिद्राम त्याच्या अंगावर ओरडला.

अंबादास बाबांकडे बघायला लागला.

“तिकडं काय बघतोस? बाबा, तुम्ही बोला! तुमच्या गादीची शपथ आहे तुम्हाला. खरं सांगा. तुम्ही घातले की यानं?”



भट्टीतून आता काळा धूर येत होता. रोट गेलेच होते. कोंडाबाई कपाळाला हात लावून खाली बसली. पोरं रडवेली झाली.

बाबा दोन पावलं पुढं आले. इतके जवळ, की फळीचं टोक त्यांच्या उघड्या छातीला टेकलं. मघाची गर्जना आता नव्हती, राग मात्र होता. तो त्यांच्या डोळ्यांत तसाच होता, आणि सिद्रामला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

“खरं सांगा, बाबा,” तो म्हणाला. “कुणी पेटवली भट्टी?”

“कुनाचं नाव घेऊ म्हंजी तुझा त्या दिशीचा मार बरोबर ठरंल?” बाबा म्हणाले. “सांग. त्येच घेतो.”